साखरेचा मक्ता : अमेरिकेतल्या शुगर ट्रस्टची चढण आणि उतरण

मागच्या वेळी आपण खनिज तेलाच्या धंद्याविषयी बोललो. आज त्याच काळातल्या, पण आपल्याकडे फारशा बोलल्या न जाणाऱ्या एका धंद्याकडे वळायचं आहे. तो म्हणजे साखर शुद्ध करण्याचा धंदा. १८८७ साली अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरचे बहुतेक साखरशुद्धीचे कारखाने एका छत्राखाली आले. १८९२ साली त्या छत्राखाली देशातली जवळजवळ ९८ टक्के शुद्धीकरणक्षमता होती. १९०७ पर्यंत हा वाटा निम्म्याच्या आसपास उतरला. १९२२ साली सरकारी खटला तडजोडीनं मिटला, तेव्हा तो पाव हिश्श्याजवळ आला होता. वर चढायला पाच वर्षं लागली आणि उतरायला तीस. हे कसं झालं, ते आज पाहू.

आधी एका शब्दाजवळ थांबू. 'मोनॉपली' हा मुळात ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'एकट्यानं विकणं' असा. आपला शब्द मात्र 'मक्तेदारी'. मक्ता म्हणजे सरकारनं ठरावीक रकमेवर दिलेला हक्क : जकातीचा मक्ता, दारूचा मक्ता. ग्रीक शब्द विकणारे किती एवढंच सांगतो. मराठी शब्द पुढचा प्रश्न विचारायला लावतो, की हा हक्क दिला कुणी? शुगर ट्रस्टला कोणत्याही सरकारनं मक्त्याचा कागद लिहून दिलेला नव्हता. मग त्यानं बाजार हातात ठेवला तो कशाच्या जोरावर? हा प्रश्न मनात ठेवून पुढे जाऊ.

धंदा कसा होता

मराठी माणसाला साखर कारखाना म्हटलं की उसाच्या गाड्या, गव्हाण, चिमणी आणि त्याच आवारात पोत्यात भरली जाणारी पांढरी साखर दिसते. एका दारानं ऊस आत जातो आणि दुसऱ्या दारानं साखर बाहेर येते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ही दोन कामं वेगवेगळी होती. क्युबात किंवा इतर उष्ण मुलखांत ऊस गाळून तपकिरी, मळीनं ओलसर अशी कच्ची साखर होई. ती पोत्यांतून किंवा लाकडी पिंपांतून जहाजानं न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बोस्टन या बंदरांत येई. तिथल्या रिफायनरीत ती विरघळवायची, पाक गाळायचा, हाडांच्या कोळशातून सोडून त्याचा रंग काढायचा, निर्वात पॅनमध्ये पुन्हा दाणा पाडायचा आणि सेंट्रिफ्यूगलमध्ये फिरवून पांढरी साखर वेगळी करायची. आज आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ते लोक ऊस पिकवत नव्हते आणि गाळतही नव्हते. ते बंदरावर बसलेले होते.

या बसण्याला महत्त्व आहे. सगळा कच्चा माल समुद्रातून येतो, मूठभर धक्क्यांवर उतरतो, आणि तिथंच कस्टमचा माणूस उभा असतो. त्यामुळे जो धक्के धरील आणि ज्याला आयात शुल्काचा आराखडा अनुकूल असेल, त्याच्या हातात धंदा.

यातला पैसा कशात होता, तेही पाहू. रिफायनरीवाल्याला साखरेचा भाव किती यापेक्षा कच्च्या आणि शुद्ध साखरेच्या भावातला फरक किती, यात रस असतो. ट्रस्ट होण्याआधी हा फरक पौंडामागे पाऊण सेंटाच्या आसपास होता. त्यातूनच कोळसा, मजुरी, घट, व्याज सगळं भागवायचं. पाऊण सेंट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण फरक नुसता अर्धा सेंट वाढला, तर दर अब्ज पौंडांमागे ५० लाख डॉलर जास्त मिळतात, आणि अमेरिका तेव्हा वर्षाला अब्जावधी पौंड साखर खात होती. घरात साखर विकत घेणाऱ्या बाईला अर्धा सेंट जाणवतही नसे. अशा धंद्यात लोकांची तक्रार उशिरा सुरू होते.

१८८७ : सतरा कंपन्या, एक मंडळ

हॅवमायर हे जर्मनीतून लंडनमार्गे न्यूयॉर्कला आलेलं घराणं. तीन पिढ्या साखर शुद्ध करण्यातच गेलेल्या. ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्ग भागात, नदीकाठी, त्यांचा मोठा कारखाना होता. १८८२ च्या आगीत तो जळला, आणि लगेच आधीपेक्षा मोठा उभा राहिला. घराण्यातला हेन्री ऑसबोर्न हॅवमायर हा या कथेचा मुख्य माणूस. कॉलेजात न जाता तो कारखान्यातच काम शिकला.

१८८० च्या दशकात या धंद्याची अडचण अशी होती की कारखाने जास्त झाले होते. नवी यंत्रं मोठ्या प्रमाणावर चालवली तरच परवडत, म्हणून प्रत्येक जण मोठा कारखाना बांधी. आणि मोठा कारखाना बंद ठेवणं परवडत नाही, म्हणून प्रत्येक जण भाव पाडून माल खपवी. आपसात करार करून उत्पादन कमी करायचे प्रयत्न झाले, पण असे करार टिकत नाहीत. करार मोडणाऱ्याचाच फायदा सगळ्यांत जास्त असतो, आणि बाजारबंदीचे करार मोडल्याबद्दल कोर्टात जाता येत नाही.

तेलवाल्यांनी यावर एक युक्ती काढलेली होती : ट्रस्ट. वेगवेगळ्या कंपन्यांच्या भागधारकांनी आपले भाग विश्वस्तांच्या एका मंडळाकडे द्यायचे आणि बदल्यात ट्रस्टची प्रमाणपत्रं घ्यायची. कंपन्या कागदावर वेगळ्याच राहतात, पण सगळ्यांचं मतदान एका हातात येतं. १८८७ मध्ये साखरेच्या सतरा कंपन्यांनी तेच केलं. त्यांचं कागदोपत्री भागभांडवल मिळून सुमारे ६६ लाख डॉलर होतं. ट्रस्टनं प्रमाणपत्रं काढली ५ कोटी डॉलरची. भागभांडवलाच्या आकड्यात कारखान्यांची सगळी खरी किंमत येत नाही, हे खरं. तरीही या फुगवट्यात पुढे मिळणाऱ्या नफ्याची आशा आधीच भरलेली होती, हे उघड आहे.

मग त्यांनी काय केलं? वीसेक कारखान्यांपैकी निम्म्याहून अधिक बंद केले आणि काम चांगल्या, मोठ्या कारखान्यांत एकवटलं. कच्च्या आणि शुद्ध साखरेतला फरक १८८८ मध्ये सव्वा सेंटाच्या आसपास गेला. एकत्रीकरणामुळे खर्च कमी होतो आणि गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळतो, असं ट्रस्टवाले सांगत. खर्च कमी झाला असेल, पण पहिल्या वर्षी त्यातलं गिऱ्हाइकापर्यंत काही पोचलं नाही. बंद पडलेल्या कारखान्यांतल्या कामगारांचं काय झालं, याची नोंद ताळेबंदात येत नाही. जे चालू राहिले, तिथं हाडांच्या कोळशाच्या भट्ट्यांजवळ आणि सेंट्रिफ्यूगलच्या खोल्यांत भयंकर उष्णतेत काम चाले. नुकते आलेले जर्मन, पोलिश, लिथुआनियन लोक ते करत.

कोर्टानं दार लावलं, न्यू जर्सीनं खिडकी उघडली

न्यूयॉर्क राज्यानं या सतरांतल्या एका लहान कंपनीवर, नॉर्थ रिव्हर शुगर रिफायनिंग कंपनीवर, खटला भरला. मुद्दा असा की राज्यानं या कंपनीला सनद दिली ती तिनं स्वतःचा कारभार स्वतः करावा म्हणून. तिनं आपला स्वतंत्र कारभार दुसऱ्यांच्या हाती सोपवला, तर सनदेची अट मोडली. १८९० च्या जूनमध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं हे मान्य केलं. त्याच वर्षी २ जुलैला देशात शेर्मन कायदा झाला. व्यापाराला आडकाठी करणारे करार आणि मक्तेदारी या दोन्ही गोष्टी त्यानं गुन्हा ठरवल्या.

आता ट्रस्ट संपला, असं कुणालाही वाटलं असतं. पण शेजारच्या न्यू जर्सी राज्यानं १८८९ मध्ये आपला कंपनी कायदा बदलून एका कंपनीला दुसऱ्या कंपन्यांचे भाग विकत घ्यायला मोकळीक दिली होती. जानेवारी १८९१ मध्ये तिथं अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनी नोंदली गेली. माणसं तीच, कारखाने तेच, फक्त विश्वस्तांच्या जागी संचालक आले. न्यायालयानं ट्रस्ट हा आकार बेकायदा ठरवला होता. त्या आकारात भरलेली सत्ता सुटून दुसऱ्या भांड्यात गेली. लोक मात्र तिला शेवटपर्यंत 'शुगर ट्रस्ट'च म्हणत राहिले, आणि आमच्या मते लोकांचं बरोबर होतं.

स्प्रेकेल्स आणि ९८ टक्के

भाव चढला की कुणीतरी नवीन येणार. पहिला आला क्लॉस स्प्रेकेल्स. हा कॅलिफोर्नियातला साखरसम्राट, हवाईच्या उसावर मोठा झालेला. ट्रस्टनं त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर हात घातला, तर त्यानं उलट पूर्वेला, फिलाडेल्फियात, अगदी नव्या धर्तीचा प्रचंड कारखाना बांधला आणि १८८९ च्या अखेरीस तो चालू केला. भावाचं युद्ध पेटलं. फरक पुन्हा पाऊण सेंटाच्या खाली आला. दोन्ही बाजू दमल्या.

दमल्यावर समेट झाला. पश्चिम किनारा दोघांनी वाटून घेतला आणि मार्च १८९२ पर्यंत फिलाडेल्फियातल्या चारही कंपन्या अमेरिकन शुगरनं घेतल्या : स्प्रेकेल्सची, ई. सी. नाइट, फ्रँकलिन आणि डेलावेअर. त्याआधी अमेरिकन शुगरकडे सुमारे ६५ टक्के उत्पादन होतं आणि या चौघांकडे ३३. उरलेले दोन टक्के बोस्टनच्या एका कारखान्याकडे. बेरीज तुम्हीच करा.

ही खरेदी रोख रकमेनं न होता अमेरिकन शुगरच्या भागांच्या बदल्यात झाली. म्हणजे स्पर्धकाला पुढच्या नफ्यात वाटा देऊन गप्प केलं. तो वाटा द्यायचा तर नफा मोठा हवा, आणि नफा मोठा राहिला तर पुढचा स्पर्धक येणार. पुढच्या पंधरा वर्षांची सगळी गोष्ट या एका गाठीत आहे.

एका व्याख्येचा प्रताप

आता सरकार जागं झालं. शेर्मन कायदा हाती होताच. फिलाडेल्फियाच्या खरेदीवर खटला भरला गेला, आणि २१ जानेवारी १८९५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक अशा मतांनी सरकारच्या विरुद्ध निकाल दिला. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध ई. सी. नाइट कंपनी' म्हणून हा खटला कायद्याच्या पुस्तकांत आहे.

आमचा मूळ विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे इथं थोडं रेंगाळण्याची मुभा घेतो. साखरेत मक्तेदारी झाली आहे, हे मुख्य न्यायाधीश फुलर यांनी जवळजवळ गृहीतच धरलं. त्यांचं म्हणणं असं की राज्यघटनेनं केंद्राला अधिकार दिला आहे तो राज्याराज्यांतल्या व्यापारावर. साखर शुद्ध करणं हे उत्पादन आहे. उत्पादन आधी होतं, व्यापार नंतर सुरू होतो. उत्पादनातल्या मक्तेदारीचा व्यापारावर परिणाम होत असेल, पण तो अप्रत्यक्ष. म्हणून ते राज्यांनी पाहावं.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, दोष सांगितले आहेत. जे आत यायला हवं ते बाहेर राहिलं तर अव्याप्ती, आणि जे बाहेर हवं ते आत आलं तर अतिव्याप्ती. फुलर यांना भीती अतिव्याप्तीची होती. उत्पादनाला व्यापार म्हटलं, तर शेत, खाण, गिरणी सगळंच केंद्राच्या हाती जाईल. भीती अगदीच खोटी नव्हती. पण ती टाळताना त्यांनी जी व्याख्या केली, तिच्यात अव्याप्ती शिरली. साखर शुद्ध करणारा कारखाना ती स्वतः खायला करत नाही, तो विकण्यासाठीच करतो. न्यायमूर्ती हार्लन एकटे विरोधात होते आणि त्यांनी नेमकं याच जागी बोट ठेवलं : एवढ्या मोठ्या संघटनेला एकटं राज्य आवरू शकत नाही, आणि केंद्रानं हात आखडता घेतला तर आवरणारं कुणी उरत नाही. सरकारनंही खटला ढिला चालवला, अशी टीका तेव्हापासून आजवर होत आली आहे. भाव, विक्री, वाटप यांचा पुरावा न्यायालयापुढे धड मांडलाच गेला नाही.

निकालाचा अर्थ उद्योगपतींनी लगेच ओळखला. करार करून एकत्र आलात तर गुन्हा, पण सरळ विकत घेऊन एक झालात तर चालेल. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत कंपन्यांच्या विलीनीकरणाची जी लाट आली, तिला या वाचनानं बळ दिलं. १८९६ मध्ये डाऊ जोन्सचा औद्योगिक निर्देशांक सुरू झाला, तेव्हा त्यातल्या बारा कंपन्यांत अमेरिकन शुगर होती.

मक्ता दिला कुणी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. १८९० च्या मॅकिन्ली शुल्ककायद्यानं कच्ची साखर शुल्कमुक्त केली, पण शुद्ध साखरेवर पौंडाला अर्धा सेंट शुल्क ठेवलं. म्हणजे रिफायनरीवाल्याचा कच्चा माल स्वस्त आणि परदेशी शुद्ध साखरेला दारावर अडसर. १८९४ मध्ये नवा कायदा आला आणि कच्च्या साखरेवर पुन्हा शुल्क बसलं, तरी शुद्ध साखरेवर थोडं जास्तीचं राहिलंच. त्या कायद्यावर चर्चा चालू असताना सिनेटर मंडळी साखरेच्या भागांत सट्टा करतात, असा बोभाटा झाला आणि चौकशी बसली. हॅवमायरनं तिथं शांतपणे सांगितलं की कंपनी राजकीय पक्षांना वर्गणी देते, आणि ज्या राज्यात ज्या पक्षाचं चालतं त्याला देते. त्याच्या लेखी हा धंद्याचा खर्च होता.

१८९९ मध्ये औद्योगिक आयोगापुढे तो आणखी पुढे गेला. सगळ्या ट्रस्टांची आई म्हणजे आयात शुल्काचा कायदा, असं त्यानं साक्षीत म्हटलं. हे वाक्य तेव्हा फार गाजलं. विरोधकांनी एवढ्या वर्षांत जे सिद्ध केलं नव्हतं, ते ट्रस्टच्या प्रमुखानंच सांगून टाकलं.

पण हे संपूर्ण उत्तर आहे का? आमच्या मते नाही. शुल्क परदेशी मालाला बाहेर ठेवतं, देशातल्या प्रतिस्पर्ध्याला नाही. उलट शुल्काच्या भिंतीआड मिळणारा चढा भाव देशातल्या नव्या माणसाला आमंत्रणच देतो. ज्या कायद्यानं ट्रस्टला वाढवलं, त्याच कायद्यानं त्याचे शत्रूही वाढवले. ते कसे, हे पुढच्या दोन उदाहरणांत दिसतं.

कॉफीवाला आणि बीट

जॉन अर्बकल हा कॉफीतला मोठा माणूस. त्याची 'अरिओसा' कॉफी भाजून, पुड्यांत बंद होऊन देशभर जात असे. भाजलेल्या दाण्यांवर तो साखर आणि अंड्याचा हात देई, त्यामुळे साखरेचा तो गिऱ्हाईक होताच. शिवाय वजन करून पुडे भरणारं आणि चिकटवणारं यंत्र त्याच्याकडे होतं. दुकानातून साखर त्या काळी पिंपातून काढून, कागदात बांधून मिळे. अर्बकलनं तीही पुड्यांत भरून विकायला घेतली. पुढे स्वतःच शुद्ध का करू नये म्हणून त्यानं १८९८ मध्ये ब्रुकलिनला रिफायनरी उघडली. हॅवमायरला याची चाहूल आधीच लागली होती. त्यानं ओहायोतली वूल्सन स्पाइस ही कॉफीची कंपनी घेऊन कॉफीचे भाव पाडायला सुरुवात केलेली होती. तू माझ्या साखरेत, तर मी तुझ्या कॉफीत. दोघांनीही लाखो डॉलर घालवले. साखरेतला फरक अर्ध्या सेंटाजवळ आला.

या वेळी मात्र प्रतिस्पर्धी विकला गेला नाही. काही वर्षांनी तहासारखं काहीतरी झालं आणि अर्बकल धंद्यात राहिला. त्याच सुमारास उघडलेली दुसरी एक रिफायनरी आणि दोन जुन्या कंपन्या मिळून १९०० मध्ये नॅशनल शुगर रिफायनिंग ही कंपनी झाली. तिच्यात हॅवमायरनं मोठा वाटा ठेवला, पण उघडपणे नाही. मालकीपेक्षा वाटा आणि युद्धापेक्षा समजूत, असं धोरण आता बदलत चाललं होतं.

दुसरा शत्रू आला शेतातून. १८९७ च्या डिंग्ली कायद्यानं शुल्क चांगलंच वाढवलं आणि त्याच्या आडोशाला पश्चिमेकडे बीटच्या साखरेचे कारखाने उगवले. युटा, कोलोरॅडो, मिशिगन, कॅलिफोर्निया. बीटचा कारखाना आपल्या कारखान्यासारखा असतो : शेताजवळ उभा राहतो आणि एकाच आवारात कंदापासून पांढरी साखर काढतो. त्याला बंदर लागत नाही, धक्का लागत नाही, क्युबाची कच्ची साखर लागत नाही. ट्रस्टची सगळी ताकद धक्क्यावर होती आणि बीटनं धक्काच वगळला. हॅवमायरनं आधी बीटच्या मुलखात साखरेचे भाव पाडले, मग एकेका बीट कंपनीत पैसे घालून मोठे वाटे घेतले. पण बंदरं मोजकी असतात, शेतं मोजकी नसतात. किती विकत घेणार?

याच काळातली आणखी एक गोष्ट थोडक्यात. फिलाडेल्फियात अ‍ॅडॉल्फ सीगल नावाच्या उद्योजकानं पेनसिल्व्हेनिया शुगर रिफायनिंग कंपनीचा नवा कारखाना बांधला. त्याला पैशाची चणचण होती. १९०३ मध्ये मध्यस्थामार्फत त्याला साडेबारा लाख डॉलरचं कर्ज मिळालं. तारण म्हणून कंपनीचे बहुसंख्य भाग मतदानाच्या हक्कासह द्यायचे होते. पैसा हॅवमायरकडून आला होता. मतांचा हक्क हाती येताच ठरलं की कारखाना चालवायचा नाही. नवाकोरा कारखाना तसाच उभा राहिला. पुढे या कंपनीनं दावा लावला आणि १९०९ मध्ये अमेरिकन शुगरला वीस लाख डॉलरहून अधिक देऊन तो मिटवावा लागला. शेर्मन कायद्यानं जे सरकारला जमलं नाही, ते एका खाजगी दाव्यानं करून दाखवलं.

सतरा भोकं

आता या इतिहासातला सगळ्यांत गाजलेला प्रसंग. कच्च्या साखरेवर शुल्क वजनावर बसे. विल्यम्सबर्गच्या धक्क्यावर सतरा वजनकाटे होते. काट्याच्या एका बाजूला सरकारी वजनदार, दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस. २० नोव्हेंबर १९०७ रोजी रिचर्ड पार नावाच्या सरकारी तपासनिसानं अचानक छापा घातला. कंपनीचा माणूस बसतो तिथं काट्याच्या खांबाला बारीक भोक होतं, आणि त्यातून पोलादाची पातळ पट्टी आत सरकवली की गाडीचं वजन काही पौंडांनी कमी भरे. सतरा काटे, सतरा भोकं.

महाराष्ट्रातल्या ऊसउत्पादकाला 'काटामारी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इथं शेतकऱ्याऐवजी सरकारचा काटा मारला जात होता, एवढाच फरक. दर खेपेला थोडेसेच पौंड, पण वर्षानुवर्षं. पंधरवड्यानं, ४ डिसेंबरला, हॅवमायर वारला. खटला चालला. १९०९ च्या मार्चमध्ये ज्यूरीनं १ लाख ३४ हजार डॉलरचा निकाल दिला आणि नंतर कंपनीनं बुडवलेल्या शुल्कापोटी एकूण वीस लाखांहून जास्त रक्कम भरली. धक्क्यावरचे काही जण आणि कंपनीचा सचिव हाइके दोषी ठरले. ही योजना वरपर्यंत कुणाकुणाला माहीत होती, यावर तेव्हाही वाद झाला.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. वीस वर्षं या कंपनीनं कारखाने बंद पाडले, कायदे वळवले, भाव बांधले. त्यावर अग्रलेख लिहिले गेले, लोक पुन्हा आपापल्या कामाला लागले. पण काट्यातलं भोक उघडं पडलं, तेव्हा सगळा देश खवळला. याचं कारण साधं आहे. काटा मारणं ही चोरी आहे, हे लहान मुलालाही कळतं. बाजाराचं दार धरून बसणं ही कोणत्या प्रकारची चूक आहे, हे सांगायला सभ्य समाजाकडे तेव्हा सोपा शब्द नव्हता. कायद्याकडे तो होता, पण नाइट खटल्यातल्या व्याख्येनं त्याची धार घालवली होती. भोकांनी झालं ते एवढंच की लोकांचा राग एका जागी आला आणि सरकारला पुन्हा खटला भरण्याचं बळ मिळालं.

उतरण

१९१० च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं कंपनी मोडण्यासाठी खटला भरला. दरम्यान न्यायालयाची नजरही बदलली होती. १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइल आणि अमेरिकन टोबॅको मोडल्या गेल्या. साखरेचा खटला मात्र रेंगाळला, मध्ये महायुद्ध आलं, आणि मे १९२२ मध्ये संमतीचा हुकूमनामा झाला. पुन्हा असं करणार नाही, असं कंपनीनं मान्य केलं. कंपनी मोडावी लागली नाही, कारण मोडण्यासारखं फार उरलं नव्हतं. अर्बकल, नॅशनल, बीट, इतर नव्या रिफायनऱ्या यांनी ते काम आधीच केलं होतं. बीट कंपन्यांतले आणि इतर ठिकाणचे बरेच वाटे कंपनीनं दरम्यान विकून टाकले होते.

मग इथं स्पर्धेचा विजय झाला म्हणून टाळ्या वाजवायच्या का? थोडं थांबा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या रिफायनरीवाल्यांनी 'शुगर इन्स्टिट्यूट' नावाची संघटना काढली. गुप्त सवलती बंद करून धंदा स्वच्छ करणं, असा तिचा सांगितलेला हेतू. भाव जाहीर करायचे आणि जाहीर केलेल्या भावाला सगळ्यांनी चिकटून राहायचं. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या बऱ्याच पद्धती बेकायदा ठरवल्या. १८८७ मध्ये सगळ्यांना एका मालकीत आणून जे साधायचं होतं, त्यातलं बरंचसं मूठभरांना समजुतीनं साधता येतं, हे त्यांना कळलं होतं. एकाचं राज्य गेलं आणि चार-सहांचं आलं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं फरक पडला, पण आकड्यांत दिसतो तेवढा नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. मक्तेदारी ही एकदा मिळवून घरात ठेवायची वस्तू नाही. दार बंद ठेवायला रोज माणसं लागतात, आणि त्यांचा पगार चढ्या भावातून द्यावा लागतो. त्याच भावामुळे बाहेरची गर्दी वाढते. शुगर ट्रस्टनं स्प्रेकेल्सला वाटा दिला, अर्बकलशी लढला, बीटमध्ये पैसे घातले, सीगलचा कारखाना बंद ठेवला. प्रत्येक वेळी किंमत वाढत गेली. पण ती आपोआप पडते, असं मानणाऱ्यांना आम्ही १८८७ ते १९२२ ही पस्तीस वर्षं मोजायला सांगू. एका माणसाचं कामकरी आयुष्य जवळजवळ तेवढंच असतं. विल्यम्सबर्गच्या भट्टीवर तरुणपणी लागलेला कामगार हुकूमनामा झाला तेव्हा म्हातारा झालेला होता.

व्याख्यानानंतरचे दोन प्रश्न

*सरकारनं खटला भरलाच नसता, तरी ट्रस्ट ढासळला असता ना?*

वाटा घसरला असता, हे खरं. १९१० पूर्वीच तो निम्म्याखाली चालला होता. पण सीगलच्या दाव्याचा विचार करा. कायदा नसता, तर नव्या माणसाचा कारखाना कुलूप लावून ठेवणं फुकटात पडलं असतं. कायद्यानं ट्रस्ट पाडला नाही, पण दार अडवून धरण्याचा खर्च वाढवला. आमच्या मते हे काम लहान नाही.

*आपल्याकडे सहकारी कारखाने झाले, म्हणून असं काही घडलं नाही, असं म्हणता येईल का?*

१९५० च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं जे सुरू झालं, त्यात मालकी उसवाल्याची, हा मोठाच फरक. अमेरिकेत उसवाला समुद्रापलीकडे होता, त्याचा आवाज धक्क्यापर्यंत पोचतच नव्हता. पण एक लक्षात घ्या. तोडलेला ऊस ठेवता येत नाही, उतारा घटतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीनं जवळचा कारखाना हाच बाजार. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर हवं, असा आपल्या राज्यात नियम आहे. कारखाने बुडू नयेत म्हणून तो आहे, आणि त्याला कारणंही आहेत. पण देशात शेकडो कारखाने असले, तरी एका शिवारातल्या शेतकऱ्याला किती दारं उघडी आहेत, हा प्रश्न वेगळा राहतो. मक्तेदारी मोजायची ती देशाच्या नकाशावर नाही, त्या माणसाच्या उंबऱ्यावर उभं राहून.

पुढच्या वेळी तंबाखू. नमस्कार.